उंचीचा विक्रम आणि गणिताखालची सही

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये ७ ऑगस्ट २०१६ रोजी दहा वर्षांचा एक मुलगा पाण्याच्या घसरगुंडीवर मरण पावला. ती घसरगुंडी त्या वेळी जगातली सर्वांत उंच होती आणि गिनेस बुकात तशी नोंद होती. मृत्यूचं कारण नियतीत शोधायची गरज नव्हती, ते बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडण्यासारखं होतं. दर मे महिन्यात गोराई, खोपोली, लोणावळा इथल्या वॉटर पार्कांच्या रांगेत आपलीही मुलं उभी असतात, म्हणून हा विषय आपला आहे. त्यावर दोन प्रामाणिक भूमिका संभवतात. त्या समोरासमोर याव्यात यासाठी मी दोन व्यक्तिरेखा कल्पिल्या आहेत. सुनंदा यांत्रिकी अभियंता आहे. कारखान्यांतल्या लिफ्ट आणि क्रेन तपासून प्रमाणपत्र देणं हा तिचा व्यवसाय. तिचा धाकटा भाऊ प्रसाद सह्याद्रीत मुलांची साहस शिबिरं घेतो. रेवा ही प्रसादची मुलगी.

प्रसाद : ताई, त्या उंच स्लाइडवर रेवाला पाठवायच्या आधी दहादा विचार कर, असं तू फोनवर म्हणालीस. ती बारा वर्षांची आहे, उत्तम पोहते, माझ्याबरोबर राजगड चढून आली आहे. कुठल्याशा एका बातमीनं तू घाबरलीस, असं मला वाटलं.

सुनंदा : दहादा विचार कर असं मी म्हटलं नाही. त्या स्लाइडला वजनाची अट काय आहे ते विचार आणि मग पाठव, एवढंच म्हटलं.

प्रसाद : तेच ते. पार्कपर्यंत आपण ज्या महामार्गावरून जातो, तो त्या स्लाइडपेक्षा कितीतरी धोक्याचा आहे. त्याबद्दल तू कधी फोन केला नाहीस. हजारो लोक रोज घसरतात, हसत बाहेर येतात. आपण मुलांना इतकं जपतो की त्यांना पोटात गोळा येणं म्हणजे काय हेच कळत नाही. माझ्या शिबिरात पहिल्या दिवशी रडणारी पोरं चौथ्या दिवशी कड्यावरून दोराने उतरतात. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते तेज तू बघितलं आहेस.

सुनंदा : बघितलं आहे, आणि त्यात मला काडीचीही शंका नाही. महामार्गाचंही मान्य. पण तू सगळ्या स्लाइडची मिळून सरासरी काढतो आहेस. रेवा सरासरीवर बसणार नाही, एका ठरावीक स्लाइडवर बसणार आहे. त्या स्लाइडचा आराखडा चुकला असेल, तर ती चूक प्रत्येक फेरीला पुन्हा घडते. तिचा परिणाम दिसायला योग्य वजनाची, योग्य क्रमाने बसलेली माणसं यायची तेवढी बाकी असते. कॅन्सस सिटीत नेमकं तेच झालं.

प्रसाद : मग नीट सांग. मी फक्त मथळा वाचला होता.

सुनंदा : श्लिटरबान नावाच्या पार्कात ‘फेरुक्ट’ नावाची स्लाइड होती. उंची १६८ फूट ७ इंच, म्हणजे ५१ मीटरहून थोडी जास्त. वर जायला २६४ पायऱ्या. रबरी राफ्टमध्ये तिघं एकामागे एक बसायचे. राफ्ट सतरा मजले खाली कोसळायचा, मग सुमारे पंधरा मीटरच्या टेकाडावर चढायचा आणि पलीकडे उतरायचा. १० जुलै २०१४ ला ती सुरू झाली. त्याआधी वाळूची पोती भरून चाचण्या घेतल्या, तेव्हा राफ्ट त्या टेकाडावरून हवेत उडाले. उद्घाटन पुढे ढकललं, काही भाग पाडून पुन्हा बांधला.

प्रसाद : म्हणजे चाचणी घेतली, चूक दिसली, दुरुस्ती केली. अभियांत्रिकी अशीच चालते ना?

सुनंदा : चूक का झाली हे कळून दुरुस्ती केली, तर तशी चालते. आता तूच गणित कर. वरून खाली येताना उंचीची ऊर्जा वेगात बदलते. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. घर्षण शून्य धरलंस तर ५१ मीटरवरून येणाऱ्या राफ्टचा तळाशी वेग ताशी ११४ किलोमीटर येतो. प्रत्यक्षात थोडा कमी. आता हा राफ्ट टेकाडावर चढतो, काही वेग गमावतो, तरी माथ्यावर तो चांगलाच वेगात असतो. तिथे त्याला वळून खाली यायचं आहे. त्याला खाली वळवणारं कोण?

प्रसाद : गुरुत्वाकर्षण.

सुनंदा : फक्त गुरुत्वाकर्षण. स्कूटर गतिरोधकावरून जोरात नेलीस तर सीटवरून उचलला जातोस, तेच हे. रस्ता जितक्या पटकन खाली वळतो, तितक्या पटकन गुरुत्वाकर्षण तुला खाली आणू शकत नाही. टेकाडाचा माथा म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असं समज. त्या वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरणाने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठी हवी. ताशी ६० किलोमीटरला ती निदान २८ मीटर लागते. ताशी ८० ला ५० मीटर. वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला आणि लागणारी त्रिज्या जवळजवळ दुप्पट झाली, कारण वेगाचा वर्ग येतो. माथा त्याहून टोकदार असेल तर राफ्ट स्लाइड सोडून हवेत जाणारच.

प्रसाद : पण रोलर कोस्टरही असे टेकाडांवरून जातात. लोक सीटवरून उचलले जातात, त्यासाठीच तर पैसे देतात.

सुनंदा : रोलर कोस्टरच्या डब्याला रुळाच्या वर चाकं असतात, बाजूला असतात आणि रुळाच्या खालूनही असतात. डबा वर उडू पाहतो तेव्हा खालची चाकं त्याला धरून ठेवतात. प्रवाशाला कमरेशी किंवा खांद्यावरून लोखंडी दांडा असतो. पाण्याच्या स्लाइडवर राफ्टला खालून धरणारं काहीच नसतं. फेरुक्टवर प्रवाशांना वेल्क्रोचे पट्टे होते. बाकी सगळं वजनावर सोपवलेलं.

प्रसाद : थांब, इथे मला एक खटकतं. तू सांगितलेल्या सूत्रात वजन कुठेच नाही. शाळेत आम्हाला शिकवलं की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगानं पडते. मग वजनाची अट कशाला?

सुनंदा : फार चांगला प्रश्न आहे. सगळी गोम त्यातच आहे. सूत्र घर्षण नसतानाचं आहे. स्लाइडवर राफ्ट आणि फायबरच्या मध्ये पाण्याचा पातळ थर असतो. तो थर राफ्टला जो विरोध करतो, तो मुख्यतः राफ्टचा तळ केवढा आहे आणि वेग किती आहे यावर ठरतो. हवेचा विरोधही आकारावर आणि वेगावर. दोन्ही वजनाच्या प्रमाणात वाढत नाहीत. खाली ओढणारं बल मात्र वजनाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे जड राफ्टचा वेग विरोधामुळे कमी घटतो आणि तो माथ्यावर जास्त वेगानं पोहोचतो. हलका राफ्ट टेकाड चढूच शकत नाही, परत मागे येतो. म्हणजे एकच टेकाड हलक्याला फार उंच ठरतं आणि जडाला फार टोकदार.

प्रसाद : म्हणून तिघांच्या एकूण वजनाची मर्यादा.

सुनंदा : हो. ४०० ते ५५० पौंड, म्हणजे साधारण १८१ ते २४९ किलो. त्या दिवशी राफ्टमध्ये तो मुलगा पुढे आणि त्याच्या मागे दोन मोठ्या बायका होत्या. एकूण वजन ५४६ पौंड भरलं. मर्यादेच्या आत.

प्रसाद : आत? मग नियम पाळला होता?

सुनंदा : बेरजेचा नियम पाळला होता. पण मुलगा ३४ किलोच्या आसपास. पुढे हलकं, मागे जड. राफ्टचा गुरुत्वमध्य मागे सरकला. अशा राफ्टचं पुढचं टोक माथ्यावर उचललं जातं, खालून हवा शिरते, आणि एकूण वजन वरच्या मर्यादेजवळ असल्यानं वेगही जास्त. राफ्ट उडाला. स्लाइडवर जाळी होती आणि जाळी धरायला ठरावीक अंतरावर लोखंडी कमानी होत्या. त्या कमानीवर मुलाचं डोकं आदळलं. तो जागीच गेला. मागच्या दोघींच्या चेहऱ्याला जबर मार लागला.

प्रसाद : जाळी कशासाठी होती?

सुनंदा : राफ्ट उडाला तरी माणसं बाहेर पडू नयेत म्हणून.

प्रसाद : ताई, मी दोरावर पोरांना उतरवतो. मुख्य दोराला आधार म्हणून दुसरा दोर बांधतो तेव्हा पहिली गोष्ट बघतो ती ही, की पहिला दोर सुटला तर दुसरा त्या पोराला कड्याच्या धारेवर तर नेऊन आपटणार नाही ना. दुसऱ्या दोरानंच घात केला तर तो नसलेला बरा.

सुनंदा : तू आता जे बोललास ते स्लाइडच्या शास्त्रात पहिल्या पानावर आहे. घसरणाऱ्या माणसाचा हात, पाय, डोकं जिथवर पोहोचू शकतं, तेवढ्या पोकळीत कुठलीही कडक वस्तू नको. वेगात जाणारी माणसं आणि लोखंड यांच्यात अंतर हवं. इथे राफ्ट उडणार नाही याची खात्री करण्याऐवजी, उडाला तर काय याची सोय केली आणि ती सोयच माणसाच्या वाटेत आली.

प्रसाद : तरीही मी एक मुद्दा सोडणार नाही. हा एका स्लाइडचा, एका कंपनीचा दोष आहे. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाजवळ बीच पार्कात ‘इन्सानो’ आहे, ४१ मीटर उंच. ती १९८९ मध्ये सुरू झाली. उंची हाच गुन्हा असता तर ती कधीच बंद पडायला हवी होती.

सुनंदा : अगदी मान्य. म्हणूनच मी उंचीबद्दल बोलत नाही. इन्सानो साधी आहे : सरळ खाली, मग हळूहळू आडवी होत जाणारी पन्हळ आणि शेवटी पाणी. वाटेत टेकाड नाही. गुरुत्वाकर्षण माणसाला सतत फायबरवर दाबून ठेवतं, तळाशी तर जास्तच. पण तिथेही एक गंमत बघ. जाहिरातीत तिचा वेग ताशी १०५ किलोमीटर सांगतात. मघाच्या सूत्रात ४१ मीटर घाल. घर्षण अजिबात नसतानाही १०२ येतात. म्हणजे उंचीचा आकडा बरोबर असेल, तर वेगाचा आकडा फुगवलेला आहे. जाहिरातीतला आकडा माणसं खेचण्यासाठी असतो, मोजमाप त्याहून वेगळं. धोका तिथे सुरू होतो जिथे जाहिरातीचा आकडा आधी ठरतो आणि मोजमाप मागून त्याला जुळवलं जातं.

प्रसाद : आणि फेरुक्टचं तसं झालं, असं तुझं म्हणणं.

सुनंदा : जगातली सर्वांत उंच स्लाइड बांधायची, हे आधी ठरलं. आराखडा पार्कचे सहमालक जेफ हेन्री आणि जॉन स्कूली यांचा. मार्च २०१८ मध्ये त्यांच्यावर आणि कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले गेले. त्या आरोपपत्राचं म्हणणं होतं की दोघांकडेही अशा राइडच्या रचनेशी किंवा सुरक्षेशी संबंधित तांत्रिक पात्रता नव्हती. आता न्यायाने हेही सांगायला हवं : फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीशांनी ते आरोप रद्द केले, कारण सरकारी पक्षानं ग्रँड ज्युरीला जे दाखवलं त्यात नाट्यमय केलेला टीव्हीवरचा कार्यक्रमही होता, आणि तो पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे कोणालाही गुन्हेगार म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. स्लाइड मात्र २०१८ च्या अखेरीस पाडली गेली.

प्रसाद : मग दोष कोणाचा?

सुनंदा : माणसांचा दोष न्यायालयानं ठरवायचा. मी व्यवस्थेचा सांगते. त्या वेळच्या कॅन्ससच्या कायद्यात अशा स्लाइडची सरकारी निरीक्षकानं नियमित तपासणी करावी अशी सक्ती नव्हती. केंद्रीय पातळीवर तर १९८१ मध्येच अमेरिकी संसदेनं एका जागी कायमच्या बसवलेल्या राइड ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून काढून टाकल्या होत्या. जत्रेत फिरणारा पाळणा केंद्राच्या अखत्यारीत, पार्कातली ५१ मीटरची स्लाइड नाही. अमेरिकेत स्लाइडसाठी चांगली तांत्रिक मानकं आहेत, युरोपातही आहेत. पण मानक असणं आणि ते पाळलं का हे कुणीतरी बाहेरून येऊन बघणं, या दोन गोष्टी आहेत.

प्रसाद : इथेच माझा तुझ्याशी खरा वाद आहे. तपासणी म्हटलं की कागद आले. २०२१ मध्ये राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आली. मी ती केली, पण माझे काही मित्र कंटाळले. मोठ्या कंपन्यांना कागद परवडतात, छोट्यांची दमछाक होते. शिवाय माणूस जाणूनबुजून धोका पत्करतो, तर त्याला अडवणारे आपण कोण? ज्याला भीती वाटते त्यानं पायऱ्या उतरून परत यावं.

सुनंदा : जाणूनबुजून हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. तुझ्या शिबिरात पोरगं कड्याच्या टोकाला उभं राहतं तेव्हा त्याला दरी दिसते, दोर दिसतो, तुझा हात दिसतो. उतरताना वेग त्याच्या स्वतःच्या हातात असतो. त्याला थांबता येतं. स्लाइडच्या टोकावर बसलेल्या माणसाला काय दिसतं? वर निळं पाणी आणि खाली टाळ्या वाजवणारी माणसं. टेकाडाच्या माथ्याची त्रिज्या दिसते? पुढे हलकं माणूस बसलंय म्हणून राफ्टचं तोंड उचललं जाईल, हे दिसतं? एकदा ढकललं की त्याच्या हातात काहीच उरत नाही. जे दिसतच नाही, ते त्यानं पत्करलं असं कसं म्हणायचं? त्या दहा वर्षांच्या मुलानं नक्कीच पत्करलं नव्हतं. तिथे आधी चौदा वर्षांखालच्यांना मनाई होती. ती उठवली आणि उंची ५४ इंच असली की बस, असं केलं.

प्रसाद : हे मला माहीत नव्हतं. वयाची अट उठवणं हा धंद्याचा निर्णय झाला.

सुनंदा : धंदा करणं चूक नाही. पण अशी अट उठवताना वजन पुढे-मागे कसं विभागलं जाईल याचं गणित नव्यानं करायला हवं होतं. माझ्या कामातलं सांगते. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं असं बंधन घातलं की कारखान्यातली लिफ्ट दर सहा महिन्यांनी आणि क्रेन वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीनं तपासलीच पाहिजे. मी तपासते, खाली सही करते. उद्या साखळी तुटली तर पहिला प्रश्न मला विचारला जाईल. त्या भीतीनं मी काम थांबवत नाही, नीट करते. लोखंडाच्या पट्ट्या उचलणाऱ्या क्रेनला जर सही लागते, तर पोरं उचलणाऱ्या राइडला का नको?

प्रसाद : पण तुझ्यासारखे सही करणारे धाडस मारून टाकतात, ही माझी भीती आहे. कुणी नवं काही करायला गेलं की तुम्ही म्हणणार, याला पूर्वउदाहरण नाही.

सुनंदा : मग तुला एक उलट उदाहरण देते. न्यू जर्सीमधल्या व्हर्नन गावात ‘अ‍ॅक्शन पार्क’ होतं, १९७८ ला सुरू झालेलं. तिथे किमान सहा माणसं मेली. त्यांनी एक बंद नळीची स्लाइड बांधली होती, जिच्या शेवटी पूर्ण उभं वर्तुळ होतं. माणूस घसरत यायचा आणि वर्तुळात उलटा होऊन बाहेर पडायचा. १९८५ च्या उन्हाळ्यात ती जेमतेम महिनाभर चालली आणि राज्याच्या सुरक्षा मंडळानं बंद करायला लावली. आता भौतिकशास्त्र बघ. माथ्यावरून खाली न पडता जायला लागतो तेवढाच किमान वेग धरला, तरी पूर्ण गोल वर्तुळाच्या तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. बांधलेल्या सीटशिवाय, पाठीवर आडवा झालेला माणूस, एका क्षणात सहापट. आणि हलकं मूल आलं तर ते वर पोहोचण्याआधीच परत घसरणार. जड माणूस आला तर भार सहापटीच्याही वर.

प्रसाद : म्हणजे वर्तुळाची स्लाइड अशक्यच.

सुनंदा : तेच तर सांगायचं आहे. अशक्य नव्हती. रोलर कोस्टरवाल्यांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता. वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यानं गोल वर्तुळ सोडून थेंबाच्या आकाराचा वळसा काढला. तळाशी वक्रता सौम्य, माथ्याशी तीव्र. जिथे वेग जास्त तिथे त्रिज्या मोठी, जिथे वेग कमी तिथे लहान. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ या कोस्टरवर तो वापरला गेला. आणि २००८ मध्ये स्लोव्हेनियातल्या तेर्मे ३००० या पार्कात पाण्याच्या स्लाइडवर वळसा परत आला, ‘अ‍ॅक्वालूप’ नावानं.

प्रसाद : तो कसा चालतो?

सुनंदा : वळसा उभा नाही, तिरका झुकलेला आहे, त्यामुळे माथ्यावर माणूस नळीच्या भिंतीला टेकून राहतो, सुटून पडत नाही. सुरुवातीला माणूस एका कुपीत उभा राहतो, पायाखालचा दरवाजा उघडतो आणि सगळेजण अगदी सारख्या पद्धतीनं सुटतात. आधी वजन करतात. वेग कमी पडला आणि कुणी मागे घसरला, तर त्याला बाहेर काढायला वळशाच्या पायथ्याशी झडप असते. १९८५ मध्ये जे महिनाभर टिकलं नाही, ते आज अनेक देशांत चालतं. धाडस सही करणाऱ्यांनी मारलं नाही प्रसाद, त्यांनी ते शक्य केलं.

प्रसाद : हा मुद्दा मला पटला. धाडसाला वेळ द्यावा लागतो. पण तू सगळं आराखड्यावर टाकते आहेस. माझा अनुभव आहे की निम्मे अपघात माणसांच्या वागण्यानं होतात. उत्तम दोर असला तरी पोरं दंगा करतात.

सुनंदा : त्याचंही उदाहरण आहे. जून १९९७, कॅलिफोर्नियातलं कॉन्कॉर्ड. शाळा संपल्याच्या आनंदात विद्यार्थी एका नळीच्या स्लाइडमध्ये एकमेकांना धरून गर्दी करून थांबले. एका वेळी जास्तीत जास्त किती जण, असा विक्रम करायचा होता. स्लाइड तुटली. एक मुलगी मेली, ३२ जण जखमी झाले. ती स्लाइड धावत्या, एकेकट्या माणसाच्या भारासाठी होती. अडकलेल्या गर्दीचा भार आणि त्यांच्यामागे तुंबलेलं पाणी, दोन्ही तिला पेलले नाहीत. इंडोनेशियातल्या सुराबायामध्ये मे २०२२ मध्येही एका स्लाइडचा तुकडा निखळून सोळा जण सुमारे दहा मीटरवरून खाली पडले. म्हणून वर उभा असलेला तो शिट्टीवाला पोरगा महत्त्वाचा. तो ‘थांबा’ म्हणतो तेव्हा तो आपला खोळंबा करत नाही, स्लाइडवरचा भार मोजत असतो.

प्रसाद : आणि त्याला महिन्याला किती पैसे मिळतात, किती दिवसांचं प्रशिक्षण असतं, हे आपण विचारत नाही.

सुनंदा : हे तू बोललास ते मी विसरणार नाही. माझ्या तपासणीत यंत्र येतं, माणूस येत नाही. सुट्टीच्या दिवशी भर उन्हात आठ तास उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलावर आपण शेवटचा निर्णय सोपवतो. मागे रांग ओरडत असते. त्याला ‘नाही’ म्हणायचं बळ मालकानं दिलं पाहिजे.

प्रसाद : बरं, आता रेवाचं. ती जाणारच आहे. मी तिला काय सांगू?

सुनंदा : तीन गोष्टी. सरळ उताराच्या वेगवान स्लाइडवर पाठीवर झोप, हात छातीवर आणि घोटे एकमेकांवर घट्ट. हे शोभेसाठी सांगत नाहीत. पाय फाकले तर तळाशी पाणी प्रचंड दाबानं शरीरात घुसतं. गुदद्वार आणि योनीमार्गाला आतून जखमा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मुलीला हे स्पष्ट शब्दांत सांग, लाजू नकोस. दुसरी, मधे उठून बसायचं नाही, थांबायचं नाही, मैत्रिणीचा हात धरून एकत्र सुटायचं नाही. तिसरी, नायलॉनचे कपडे घाल म्हणतात ते घालायचे. सुती कापड पाणी पिऊन फायबरला चिकटतं, वेग अचानक घटतो आणि मागून येणारा आदळतो. धातूची बटणं फायबरचा गुळगुळीत थर ओरबाडतात.

प्रसाद : आणि मी काय करू?

सुनंदा : राफ्टची स्लाइड असेल तर एकूण वजन विचार, आणि सर्वांत हलक्या माणसाला कुठे बसवतात तेही विचार. वजनकाटा नुसता ठेवलेला आहे की खरंच वापरतात, ते बघ. अंदाजानं ‘चालेल’ म्हणत असतील तर रेवाला खाली घेऊन ये. तिला वाईट वाटेल, वाटू दे.

प्रसाद : मी पायऱ्या उतरून परत यावं म्हणालो होतो, ते माझ्यावरच आलं. पण एक सांगतो, ताई. काटा नीट असेल, पोरगा शिट्टी नीट वाजवत असेल, तर मी रेवाला सर्वांत उंच स्लाइडवरूनच पाठवीन. आणि तिच्यामागून मीही जाईन.

सुनंदा : जा. तेव्हा मी खाली उभी असेन.

दोघांच्या बोलण्यात माझा कल कुठे आहे हे वाचकांना कळलं असेल. तरीही प्रसादची बाजू मला हलकी वाटत नाही. भीतीवर मात करण्याचा आनंद हा माणसाचा हक्क आहे आणि तो मुलांनाही मिळाला पाहिजे. पण हा आनंद देणारं यंत्र बांधणाऱ्यावर एक कर्तव्य येतं : जे प्रवाशाला दिसत नाही, ते त्याच्या वतीनं मोजणं आणि त्या मोजमापाखाली आपलं नाव लिहिणं.

कॅन्ससमध्ये हे शहाणपण अपघातानंतर आलं. दिवंगत मुलाचे वडील स्वतः तिथल्या विधिमंडळाचे सदस्य होते. त्या दिवशी पार्कानं लोकप्रतिनिधींच्या कुटुंबांना आमंत्रण दिलं होतं. २०१७ मध्ये त्याच विधिमंडळानं पात्र निरीक्षकाकडून दरवर्षी तपासणी सक्तीची करणारा कायदा केला. आपण त्यासाठी कुणाच्या मुलाची वाट पाहायला नको.

म्हणून तीन मागण्या. प्रत्येक वॉटर पार्कानं प्रत्येक मोठ्या स्लाइडच्या पायथ्याशी फलक लावावा : बांधणी कुणाची, शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, वजनाची आणि उंचीची मर्यादा काय. राज्य सरकारनं कारखान्यातल्या लिफ्टला लावलेली शिस्त उंच राइडनाही लावावी आणि अपघातांची नोंद लोकांना पाहता येईल अशी ठेवावी. आणि आपण पालकांनी तिकिटाच्या खिडकीवर फोटोचा दर विचारण्याआधी तपासणीची तारीख विचारावी. शंभर पालकांनी ती विचारली तर एकशे एकावा विचारेपर्यंत फलक लागलेला असेल. या मे महिन्यात हा प्रश्न नक्की विचारा.